पूर ओसरल्यावर कर्ज कोण देतं? फाउंडेशनने क्रेडिट युनियनमध्ये पैसे कसे गुंतवावेत

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळ पोर्तो रिकोवर आदळलं आणि सगळ्या बेटाची वीज गेली. वीज नाही म्हणजे एटीएम बंद, कार्डाचं मशीन बंद. दुकानात तांदूळ असला तरी तो रोख पैसे मोजूनच मिळणार. त्या दिवसांत अनेक गावांत लवकर दार उघडलं ते ‘कोऑपेरातिवां’नी, म्हणजे तिथल्या सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थांनी. जनरेटर लावून त्यांनी सभासदांच्या हातात रोकड दिली, हप्ते पुढे ढकलले आणि पुढच्या काही वर्षांत छतावरच्या सौर पॅनेलसाठी कर्जं देण्यातही याच संस्था आघाडीवर राहिल्या.

आपत्तीनंतर आपण सगळे देणग्या देतो. ब्लँकेट, पाणी, औषधं पोहोचवतो आणि ते करायलाच हवं. पण चार महिन्यांनी त्याच माणसाला छताचे पत्रे, गाळात गेलेली गाडी, दुकानातला माल यांसाठी पैसे लागतात आणि तेव्हा बातम्यांचे कॅमेरे निघून गेलेले असतात. ही गरज कर्जाची असते. ते कर्ज देणाऱ्या संस्थेमागे फाउंडेशनला उभं राहायचं असेल तर काय करावं, याबद्दल हा लेख आहे. अमेरिकेत स्थिरावलेल्या ज्या मराठी कुटुंबांनी स्वतःचं छोटं फाउंडेशन काढलं आहे, किंवा जे दुसऱ्या एखाद्या फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळावर नव्याने गेले आहेत, ते माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कायदा आणि नियम त्यामुळे अमेरिकेतले.

आधी ओळख करून घ्या

क्रेडिट युनियन ही आपल्या पतसंस्थेची चुलत बहीण. ठेवीदार हाच सभासद आणि सभासद हाच मालक. ठेव कितीही असो, मत एकच. नफा बाहेरच्या भागधारकांकडे जात नाही, राखीव निधीत किंवा सभासदांकडे जातो.

हे नातं नुसतं सांगण्यापुरतं नाही. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन १९०७ मध्ये हिंदुस्थानात फिरले आणि त्यांनी बंगालमधल्या शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्या पाहिल्या. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्येच झाला होता. फाइलीन परतले आणि १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने क्रेडिट युनियनचा कायदा केला, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. केंद्रीय कायदा यायला १९३४ उजाडलं. तेव्हा एखाद्या विश्वस्ताने ‘हे काय नवीन?’ असं विचारलं, तर उत्तर तयार ठेवा.

सगळ्याच क्रेडिट युनियन आपल्या कामाच्या नाहीत. काही मोठ्या कंपन्यांच्या किंवा सैन्यातल्या नोकरदारांच्या असतात आणि त्यांना आपल्या पैशांची गरज नसते. आपल्याला हव्यात त्या कमी उत्पन्नाच्या वस्तीत काम करणाऱ्या. नियामक संस्था एनसीयूए अशांना ‘लो-इन्कम’ दर्जा देते. ढोबळमानाने निकष असा, की निम्म्याहून जास्त सभासदांचं उत्पन्न मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी असावं. हा दर्जा कागदोपत्री वाटला तरी सगळा खेळ त्यावर आहे. तो असेल तर ती संस्था सभासद नसलेल्यांकडूनही, म्हणजे तुमच्या फाउंडेशनकडूनही, ठेव घेऊ शकते आणि ‘दुय्यम भांडवल’ही घेऊ शकते (२०२२ पासून नियमांत नव्या रकमेचं नाव ‘सबऑर्डिनेटेड डेट’; इथे मी जुनंच नाव वापरतो). त्याबद्दल पुढे बोलू.

पहिली पायरी: कुठला पैसा उशिरा येतो ते पाहा

आपत्तीनंतर सरकारी मदत येत नाही असं नाही. ती टप्प्याटप्प्याने येते आणि मधल्या काळात माणूस अडकतो. फेमाची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेची, थेट मदत लवकर येते, पण घर पुन्हा उभं करायला पुरत नाही. एसबीए या लघुउद्योगांसाठीच्या केंद्रीय संस्थेचं आपत्ती कर्ज स्वस्त असतं, पण त्यासाठी पत आणि परतफेडीची ताकद दाखवावी लागते. विम्याचा सर्व्हेअर कधी येईल ते त्यालाच ठाऊक. आणि घरबांधणीसाठी येणारा मोठा केंद्रीय निधी राज्यामार्फत लोकांपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात.

तो पोहोचला तरी सारखा पोहोचतो असं नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लुइझियाना राज्याच्या ‘रोड होम’ या घरबांधणी मदत योजनेत मदतीचा हिशोब करताना वादळाआधीची घराची किंमत धरली गेली. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घरांचे भाव आधीच पाडलेले होते, त्यामुळे तेवढंच नुकसान होऊनही त्यांच्या हाती कमी पैसे आले. त्यावर खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड झाली. सहा वर्षं! तोवर लोकांनी काय करायचं?

हे मधलं अंतर भरून काढायचं आहे. ते भरलं नाही तर लोक पेडे कर्जाच्या, म्हणजे पुढच्या पगारावर मिळणाऱ्या छोट्या उसन्या पैशांच्या, दुकानात जातात, जिथे वार्षिक दर ४०० टक्क्यांच्या आसपास पडतो. केंद्रीय परवान्याच्या क्रेडिट युनियनला सध्या १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही. तातडीच्या छोट्या कर्जाच्या एका खास योजनेत ती २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तेही २,००० डॉलरपर्यंतच.

दुसरी पायरी: संस्थेला नेमकं काय कमी पडतंय ते विचारा

नवखे इथेच चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

बहुतेकांच्या मनात येतं, की संस्थेकडे पैसे कमी आहेत, आपण मोठी ठेव ठेवू. हेतू चांगलाच. पण वादळानंतरचा काळ कसा जातो ते पाहा. पहिले काही आठवडे लोक पैसे काढायला येतात, तेव्हा रोकड लागते. मग विम्याचे आणि मदतीचे चेक येऊ लागतात. ठेकेदार मिळत नाही, सामान मिळत नाही, म्हणून लोक ते पैसे खात्यात ठेवून देतात. कॅटरिनानंतर आखाती किनाऱ्यावरच्या क्रेडिट युनियनमध्ये ठेवींचा असाच लोंढा आला होता. म्हणजे थोड्याच महिन्यांत संस्थेकडे ठेवी भरपूर असतात. कमी पडतं ते भांडवल.

का, ते आकड्यांनी सांगतो. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा एका क्रेडिट युनियनची एकूण मालमत्ता ५ कोटी डॉलर आहे आणि वर्षानुवर्षं साठलेला स्वतःचा निधी, म्हणजे नेट वर्थ, ४० लाख. प्रमाण झालं ८ टक्के. ‘सुदृढ’ म्हणवून घ्यायला ७ टक्के लागतात. वादळानंतर १ कोटीच्या ठेवी आल्या. मालमत्ता ६ कोटी, निधी तेवढाच, प्रमाण ६.६७ टक्के. संस्थेने एकही चुकीचं कर्ज दिलेलं नाही, तरी ती रेषेखाली गेली आणि आता तिला हात आखडता घ्यावा लागणार. अशा वेळी तुम्ही मोठ्या मनाने १० लाखांची ठेव ठेवली तर प्रमाण आणखी घसरून ६.५६ होईल. तेच १० लाख दुय्यम भांडवल म्हणून दिले, तर ते नेट वर्थमध्ये धरले जातात. निधी ५० लाख, मालमत्ता ६ कोटी १० लाख, प्रमाण ८.२. पैसे तेवढेच, पण एका वाटेने संस्थेची अडचण वाढली आणि दुसऱ्या वाटेने तिला कर्ज द्यायची मोकळीक मिळाली.

बँक शेअर विकून भांडवल उभं करते. क्रेडिट युनियनला शेअर विकता येत नाहीत. तिचं भांडवल म्हणजे वर्षानुवर्षं साठवून ठेवलेला नफा, आणि गरीब वस्तीत काम करणाऱ्या संस्थेचा नफा तो केवढा असणार?

म्हणून पहिल्याच फोनवर तीन प्रश्न विचारा. आत्ता रोकड कमी आहे का? नेट वर्थचं प्रमाण कुठे आहे आणि ठेवी कुठल्या वेगाने वाढताहेत? आणि तिसरा, जो बरेच जण विसरतात: ज्यांना कर्ज द्यावंसं वाटतं पण धीर होत नाही, असे सभासद कोण आहेत? तिसऱ्याचं उत्तर लांबलचक आलं तर समजा, की अडचण जोखमीची आहे.

तिसरी पायरी: अडचणीप्रमाणे साधन निवडा

रोकड कमी असेल तर ठेव. सगळ्यांत सोपी आणि फाउंडेशनसाठी सगळ्यांत सुरक्षित. एनसीयूएचा विमा एका संस्थेत २,५०,००० डॉलरपर्यंत असतो. १० लाख असतील तर चार संस्थांत वाटून ठेवा, विमा पूर्ण मिळेल. मुदत ठेवीला इथे ‘शेअर सर्टिफिकेट’ म्हणतात, ते ऐकून दचकू नका. विम्याच्या मर्यादेपलीकडे मोठी ठेव ठेवणारेही आहेत. मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये १९९५ साली एका चर्चमधून सुरू झालेली होप क्रेडिट युनियन कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्स आणि आखाती किनाऱ्यावर पसरली. २०२० मध्ये नेटफ्लिक्सने तिथे १ कोटी डॉलर ठेवले. नेटफ्लिक्स फाउंडेशन नव्हे, कंपनी आहे. पण पडून असलेली रोकड नुसती जागा बदलून कामाला लावता येते, हे त्यातून अनेक विश्वस्त मंडळांना पटलं.

भांडवल कमी असेल तर दुय्यम भांडवल. हे खरं तर कर्जच, पण विमा नसलेलं आणि रांगेत सगळ्यांच्या मागे उभं असलेलं. संस्था बुडाली तर ठेवीदारांचे आणि संस्था ज्यांचं देणं लागते त्या बाकी सगळ्यांचे पैसे भागल्यावर काही उरलं तर तुम्हाला. कमीत कमी मुदत ५ वर्षं. पण ५ वर्षांचंच देऊ नका. परतफेडीला ५ वर्षांहून कमी काळ उरला, की ते भांडवल म्हणून धरण्याची रक्कम दर वर्षी २० टक्क्यांनी घटत जाते. म्हणजे ५ वर्षांचं दिलंत तर घट लगेच सुरू. ८-१० वर्षांचं दिलंत तर संस्थेला ते खऱ्या अर्थाने वापरता येतं. याला एनसीयूएची पूर्वमंजुरी लागते आणि अर्जासोबत संस्थेला पैसे वापरण्याचा आराखडा द्यावा लागतो. दोन आठवड्यांत होणारं काम नव्हे.

जोखीम हीच अडचण असेल तर हमी किंवा तोट्यासाठी राखीव रक्कम. समजा संस्था २० लाखांची तातडीची कर्जं वाटणार आहे आणि त्यातली १० टक्के बुडतील अशी तिला भीती आहे. तुम्ही २ लाख बाजूला ठेवलेत, पहिला तोटा त्यातून भरून निघेल असं ठरवलंत, की कर्ज अधिकाऱ्याचा हात मोकळा होतो. माझ्या मते छोट्या फाउंडेशनने सुरुवात इथूनच करावी. रक्कम लहान, परिणाम लगेच दिसतो आणि बुडालं तरी किती बुडेल ते आधीच माहीत असतं.

आणि साधं अनुदानही विसरू नका. संस्थेच्या कर्मचाऱ्यांची घरंही त्याच पुरात गेलेली असतात. काउंटरवर बसलेली बाई रात्री नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपून सकाळी कामावर येते. कर्ज अर्ज तपासायला सहा महिन्यांसाठी आणखी दोन माणसं, एक जनरेटर, सॅटेलाइट फोन यांना परतफेडीचा पैसा लावायचा नसतो.

चौथी पायरी: पैसा कुठल्या खिशातून काढायचा

खासगी फाउंडेशनला दोन खिसे असतात. एक वाटपाचा: दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के धर्मादाय कामाला द्यावेच लागतात. दुसरा मूळ निधीचा, जो शेअर-रोख्यांत गुंतवलेला असतो.

वाटपाच्या खिशातूनही गुंतवणूक करता येते. तिला पीआरआय (प्रोग्रॅम-रिलेटेड इन्व्हेस्टमेंट, म्हणजे धर्मादाय कामासाठीची गुंतवणूक) म्हणतात. ही वाट १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने आखून दिली, आणि त्याच्या वर्षभर आधी फोर्ड फाउंडेशनने अशी गुंतवणूक सुरू केली होती. अटी तीन: मुख्य उद्देश धर्मादाय असावा, उत्पन्न मिळवणं हा महत्त्वाचा हेतू नसावा, आणि निवडणूक किंवा कायदे घडवण्यावर दबाव आणण्यासाठी पैसा वापरू नये. बाजारापेक्षा कमी व्याजाचं दुय्यम भांडवल यात चपखल बसतं. ते त्या वर्षीच्या ५ टक्क्यांत धरलं जातं.

विमा असलेली, बाजारभावाने व्याज देणारी ठेव मात्र मूळ निधीतूनच ठेवा. तिथे पीआरआयच्या कागदपत्रांचा खटाटोप कशाला? फाउंडेशनचं काम लक्षात घेऊन मूळ निधी गुंतवायला हरकत नाही, हे कर खात्याने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोर्ड फाउंडेशनने २०१७ मध्ये मूळ निधीतले १ अब्ज डॉलरपर्यंत अशा गुंतवणुकीसाठी दहा वर्षांत काढायचं ठरवलं, त्यानंतर वकिलांची कुरकुरही जरा कमी झाली.

एक सावधगिरी. क्रेडिट युनियन बहुधा कर कायद्याच्या भाषेत ‘पब्लिक चॅरिटी’, म्हणजे सार्वजनिक धर्मादाय संस्था, नसते. तेव्हा पीआरआय देताना आधी चौकशी, लेखी करार, दरवर्षी अहवाल आणि ९९०-पीएफ या फाउंडेशनच्या वार्षिक कर विवरणपत्रात नोंद ही सगळी खर्चाच्या जबाबदारीची साखळी पाळावी लागते. हे काम माहीत असलेल्या वकिलाला पहिल्या वेळी पैसे द्याच. आणि तुमच्या विश्वस्तांपैकी कोणी त्या क्रेडिट युनियनच्या संचालक मंडळावर आहे का, तेही तेव्हाच तपासून घ्या.

‘हेच आपण चिपळूण-महाडला का करू नये?’ हा प्रश्न मराठी माणसाकडून हमखास येतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या बाजारपेठा बुडाल्या आणि दुकानदारांना उभं राहायला लागणारं कर्ज हीच गरज होती. रोज दुकानोदुकानी फिरणाऱ्या पिग्मी एजंटला कुठल्या दुकानदाराची पत किती, हे कुठल्याही बँकेपेक्षा जास्त कळतं. पण कायद्याची चौकट वेगळी आहे. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने निधी कुठे ठेवावा हे आयकर कायद्याने ठरवून दिलेलं आहे. बँकिंग करणाऱ्या सहकारी संस्थेतली ठेव त्यात बसते, पण पतसंस्था ही बँक नव्हे आणि ती ठेवी सभासदांकडूनच घेते. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. त्यामुळे अमेरिकेतला नमुना उचलून तिथे ठेवता येणार नाही.

पाचवी पायरी: संस्था पारखून घ्या

यासाठी हेर लागत नाहीत. प्रत्येक विमाधारक क्रेडिट युनियन दर तिमाहीला ‘५३०० कॉल रिपोर्ट’ नावाचा आर्थिक अहवाल भरते आणि तो एनसीयूएच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतो. निदान तीन वर्षांचे बघा. नेट वर्थचं प्रमाण, ६० दिवसांवरची थकबाकी, ठेवींच्या तुलनेत कर्ज किती, नफा की तोटा. एखाद्या तिमाहीत थकबाकी उडी मारते तेव्हा घाबरू नका. वादळानंतर ती वाढणारच. ती पुढच्या दोन-तीन तिमाहींत खाली आली का, ते पाहा. नियामकाने दिलेलं अंतर्गत मानांकन गोपनीय असतं, ते मागू नका. संस्था देऊ शकत नाही.

पोर्तो रिकोतल्या बहुतेक कोऑपेरातिवांना एनसीयूएचा नव्हे तर कोसेक या तिथल्या सरकारी संस्थेचा विमा असतो. तिथे आणखी एक गोष्ट तपासा. अनेक कोऑपेरातिवांनी बेटाच्या सरकारचे रोखे घेतले होते आणि सरकार कर्जात बुडाल्यावर त्यांचे भाव कोसळले. त्याची झळ त्या ताळेबंदाला किती बसली आणि आज काय उरलंय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आकड्यांनंतर माणसांकडे वळा. मागच्या वादळात शाखा किती दिवस बंद होती? संगणक प्रणाली कुठे आहे, तिची दुसरी प्रत कुठे? संस्था सामायिक शाखांच्या जाळ्यात आहे का? हा प्रश्न क्षुल्लक नाही. कॅटरिनात घर सोडून ह्यूस्टनला पोहोचलेल्या माणसाला तिथल्या दुसऱ्याच क्रेडिट युनियनच्या काउंटरवर आपल्या खात्यातले पैसे मिळू शकले, ते या जाळ्यामुळे.

थेट संस्था शोधणं जड जात असेल तर मध्यस्थ आहेत. समुदाय विकासाच्या क्रेडिट युनियनचा संघ १९७४ पासून काम करतोय. २०१८ पासून त्याचं नाव इन्क्लुसिव्ह. तो फाउंडेशनकडून पैसा घेऊन आपल्या सदस्य संस्थांत गुंतवतो.

सहावी पायरी: करारात काय लिहायचं

थोडं लिहा. रक्कम, मुदत, व्याज, कोणासाठी आणि कशासाठी. सहामाही अहवालात किती कर्जं दिली, सरासरी रक्कम किती, किती थकली, एवढं पुरे. प्रत्येक कर्जदाराचा फोटो आणि हृदयस्पर्शी कहाणी मागणारी फाउंडेशन्स मी पाहिली आहेत. घर गेलेल्या माणसाला ते करायला लावू नये.

एक कलम मात्र आग्रहाने घाला. पुन्हा आपत्ती घोषित झाली तर परतफेडीची तारीख पुढे जाण्याचा मार्ग आधीच ठरलेला असावा. दुय्यम भांडवलाला मुदतवाढीसाठी नियमांच्या मर्यादा असतात, तेव्हा ते कलम वकिलाकडून तपासून घ्या.

सातवी पायरी: वेळ

अटलांटिकमधला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. मंजुरीला महिने लागतात, म्हणजे ऑगस्टमध्ये वादळ आल्यावर अर्ज केला तर पैसे पोहोचेपर्यंत पुढचा हंगाम तोंडावर येतो. थंडीत संस्था निवडा, दुय्यम भांडवलाची मंजुरी घेऊन ठेवा, हमीचा करार सही करून ठेवा. त्यात ‘या जिल्ह्यांत आपत्ती घोषित झाली की हमी आपोआप लागू’ असं लिहा. मग वादळाच्या दुसऱ्या दिवशी विश्वस्तांची बैठक बोलवायची गरज उरत नाही.

आणि शेवटी एक हिशोबाची गोष्ट, जी आठ-दहा वर्षांनी कोणाच्याच लक्षात राहत नाही. पीआरआयचं मुद्दल परत आलं, की तेवढी रक्कम त्या वर्षीच्या वाटपाच्या बंधनात जमा होते. ती पुन्हा धर्मादाय कामाला द्यावी लागते. परतफेडीची तारीख आजच लेखापालाच्या वहीत लिहून ठेवा आणि शेजारी त्या क्रेडिट युनियनचा फोन नंबरही.